कचेरी आणि पाटकरी : एका बोर्डावरच्या संगणकांच्या निवडीविषयी प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका दुपारी जुन्नर तालुक्यातला एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला, आणि पाणी पिऊन झाल्यावर त्याने पिशवीतून पुठ्ठ्याची एक लहानशी पेटी काढून अदबीने माझ्यापुढे ठेवली. पेटीत तळहाताएवढा हिरवा बोर्ड होता. त्यावर चार गाभ्यांचा प्रोसेसर, चार गिगाबाइट मेमरी, दोन पडदे जोडण्याची सोय, आणि उष्णता वाहून नेण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक व त्यावर इवलासा पंखा अशी सारी सिद्धता होती. त्याचे काम असे होते की, विहिरीवरच्या मोटरीला वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळे, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात लाईट आली की कोणी तरी उठून, हातात बॅटरी घेऊन, उसाच्या फडातल्या बिबट्याची धास्ती मनात बाळगीत, बांधाबांधाने विहिरीपर्यंत जाऊन स्टार्टरचे बटण दाबावे लागे. मोटरीने आपली आपण सुरू व्हावे आणि विहिरीचे पाणी तळाला गेले की आपली आपण थांबावे, एवढीच त्याची इच्छा होती. “सर, एवढ्या पॉवरचा बोर्ड पुरेल ना, का आणखी मोठा घेऊ?” असे त्याने विचारले, तेव्हा मला उत्तर सुचेना, कारण त्याने पदरमोड करून आणलेली ती वस्तू त्याच्या कामाला कमी पडणार नव्हती, तर ती त्या कामाच्या जातीचीच नव्हती. प्रस्तुत पुस्तकाचा उगम त्या दुपारी झाला.

एका बोर्डावरचा संगणक म्हणजे काय, हे आरंभी सांगितले पाहिजे. गणन करणारा प्रोसेसर, तात्पुरती स्मृती, कायमच्या साठ्याची जागा आणि बाहेरच्या जगाशी देवघेव करण्याच्या वाटा ही सारी सामग्री जेथे एकाच फलकावर नांदते, त्या यंत्राला ही संज्ञा लावतात. संज्ञा अलीकडे लोकांच्या तोंडी रुळली असली, तरी वस्तू जुनी आहे. १९७६ साली अमेरिकेतील मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने ‘किम-१’ नावाचा बोर्ड २४५ डॉलरला विक्रीस काढला; त्याची स्मृती अवघी एक किलोबाइट, आणि त्याचा पडदा म्हणजे लाल प्रकाशाचे सहा अंक. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकलेल्या अनेक पिढ्यांना त्याची भावंडे ८०८५ प्रोसेसरच्या ‘किट’च्या रूपाने भेटली आहेत. प्रयोगशाळेतल्या त्या किटवर चार अंक पत्त्याचे आणि दोन अंक मजकुराचे असत. वहीत लिहून आणलेला एकेक संकेतांक आम्ही कळ दाबून चढवीत असू, आणि चाळिसावा अंक चढविताना लाईट गेली, तर पहिल्यापासूनचे चाळीसही अंक पुसले जाऊन ते सहा लाल आकडे विझून जात. पण लाईट परत आली की किट तत्क्षणी तयार असे. त्याला कसलीही इजा झालेली नसे. हा शेवटचा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील विवेचनाचा पुष्कळसा भार त्याच्यावर आहे.

ज्या बोर्डाने हे सारे क्षेत्र जगापुढे आणले, त्या रास्पबेरी पायचे मूळ केंब्रिज येथील आहे, आणि ते मूळ मला फार हृद्य वाटते. तेथील विद्यापीठात संगणकशास्त्र शिकण्यासाठी येणाऱ्या मुलांची संख्या आणि पूर्वतयारी ही दोन्ही वर्षागणिक घटत असल्याचे एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. आधीच्या पिढीने घरातल्या साध्या संगणकांवर आज्ञावली लिहिण्याचा नाद केला होता. इंग्लंडात १९८१ साली आलेला एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा त्यांतला अग्रणी. नंतरचे संगणक मात्र अधिक सोयीचे झाले, अधिक महाग झाले, आणि मुलाने उघडून पाहावेत असे राहिले नाहीत. म्हणून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलर किमतीचा, ७०० मेगाहर्ट्झ वेगाचा आणि २५६ मेगाबाइट स्मृतीचा पहिला बोर्ड बाजारात आला, तेव्हा त्याच्या ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ या नावांत बीबीसी मायक्रोच्या नावांचे स्मरण मुद्दाम ठेवलेले होते. केंब्रिजच्याच त्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला, १९८५ साली प्रथम चालू झालेला एआरएम प्रोसेसर आज याच्या आणि बहुतेक सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या पोटात आहे. म्हणजे एका गावातल्या एका पिढीचे ऋण पुढच्या पिढीने त्याच गावात फेडले. २०१५ च्या नोव्हेंबरात रास्पबेरी पायचा ‘झीरो’ हा पाच डॉलरचा बोर्ड एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाचकांना दिला गेला. शाळकरी मुलाला संगणक वहीइतका सहज मिळावा, या इच्छेची ती परिसीमा होती.

आता निवडीकडे वळतो. दुकानाच्या काउंटरवर शेजारी शेजारी मांडलेले हे बोर्ड आकाराने सारखे, रंगाने सारखे आणि पिनांच्या रांगांनीही सारखेच दिसतात. तथापि त्यांच्यात दोन जाती आहेत, आणि या भेदाची जाणीव नसल्यामुळे जितका पैसा आणि उत्साह वाया जातो, तितका दुसऱ्या कोणत्याही चुकीने जात नाही. पहिली जात कचेरीची. रास्पबेरी पाय, ऑरेंज पाय, ओड्रॉइड, बीगलबोन यांच्यावर लिनक्ससारखी संपूर्ण कार्यप्रणाली चालते. तीत शिरस्तेदार आहे, कारकुनांची फौज आहे, दप्तर आहे, रोजकीर्द आहे, आवक-जावक आहे. एकाच वेळी ती दहा जणांचे अर्ज स्वीकारते, नक्कल देते, जुने कागद काढून दाखवते. दुसरी जात पाटकऱ्याची. आर्डुइनो उनो, रास्पबेरीचाच पिको, शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीचा ईएसपी-३२ हे वस्तुतः मायक्रोकंट्रोलर आहेत. त्यांना दप्तर नाही आणि हाताखाली कोणी नाही. पाटावर उभे राहून कोणाची पाळी कधी सुरू होते आणि कधी संपते, एवढे एकच फर्मान त्यांना पाठ असते, आणि ते त्याचीच अहोरात्र तामिली करतात. उनोची आज्ञावली मावते ती ३२ किलोबाइटांत आणि कामापुरती स्मृती दोन किलोबाइटांची. कचेरीच्या मानाने हे दारिद्र्य वाटेल, पण पाट सोडण्याला आणि बांधण्याला त्याहून अधिक लागत नाही.

म्हणून जो कोणी मला “कोणता बोर्ड घेऊ?” असे विचारतो, त्याला मी उलट विचारतो : लाईट गेली तर त्या बोर्डाचे काय व्हावे? पाटकऱ्याची लाईट गेली तर तो जागच्या जागी झोपतो, आणि आली की डोळे उघडून पहिल्या ओळीपासून कामाला लागतो. ८०८५ च्या किटप्रमाणे त्याला इजा होत नाही, आणि आजच्या पाटकऱ्याचे फर्मान तर त्याच्या अंगावरच कोरलेले असल्यामुळे पुसलेही जात नाही. कचेरीचे तसे नाही. तिचे दप्तर बहुधा नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते, आणि कोणी काही करीत नसतानाही ती त्यात नोंदी करीत असते. या कार्डाच्या आतला कारभार असा चालतो की, चार अक्षरे बदलायची झाली तरी एक मोठा खण आधी दुसरीकडे उतरवून मग पुसावा लागतो; या उतरवण्याच्या मध्येच वीज गेली, तर जी नोंद चालू होती तीच नव्हे, तर त्या खणातले शेजारचे, वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेले कागदही फाटतात. कचेरी रीतसर बंद करण्याचा हुकूम द्यावा लागतो, आणि मग दिवा मालवावा लागतो. जेथे वीज दिवसातून दोनदा पूर्वसूचनेशिवाय जाते, अशा विहिरीवर रीतसर हुकूम देणार कोण? याला उपाय आहेत. कार्ड केवळ वाचण्यापुरते ठेवता येते, बॅटरीचा आधार देता येतो, आणि सातव्या प्रकरणात त्यांचा तपशील दिला आहे. पण उपाय करावे लागणे हाच निवड चुकल्याचा पहिला पुरावा असतो.

दुसरा प्रश्न वेळेच्या काटेकोरपणाचा. सोसायटीच्या टाकीतील पाण्याची पातळी मोजण्यासाठी आपण बाजारातला स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सर घेतो. तो कानाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्याकडे सोडतो, आणि प्रतिध्वनी परत येईपर्यंत आपली एक तार उंच धरून ठेवतो. ती किती वेळ उंच राहिली हे मोजायचे, आणि दर ५८ मायक्रोसेकंदांना एक सेंटिमीटर असा हिशेब करायचा. पाटकरी त्या तारेकडे टक लावून पाहत असतो, म्हणून त्याचे माप चुकत नाही. कचेरीत मात्र नेमक्या त्या क्षणी दुसरा एखादा कारकून शिरस्तेदाराकडे सही मागायला आलेला असतो. तारेची नोंद तीनशे मायक्रोसेकंद उशिरा झाली, की टाकीतले पाणी पाच सेंटिमीटरांनी खोटे बोलू लागते. प्रोसेसर दसपट वेगवान असूनही हे घडते, हे नवशिक्याला खरे वाटत नाही. वेग आणि वक्तशीरपणा हे दोन स्वतंत्र गुण आहेत.

याच सेन्सरची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. त्याची ती तार पाच व्होल्टची असते, आणि कचेरी जातीच्या बहुतेक बोर्डांच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर काहीही सहन करीत नाहीत. मी एके रात्री घाईने ती तार सरळ जोडली; धूर निघाला नाही, वास आला नाही, बोर्ड चालूच राहिला, फक्त ती पिन त्यानंतर कायमची मुकी झाली, आणि चूक आज्ञावलीत आहे अशा समजुतीने मी दोन दिवस आज्ञावलीच तपासत बसलो. एक हजार ओहम आणि दोन हजार ओहम असे दोन रोधक मध्ये घातले असते, तर पाचाचे ३.३ होऊन आले असते. त्या दोहोंची किंमत मिळून चहाच्या पेल्याइतकीही नाही. उनो पाच व्होल्टचाच असल्यामुळे तेथे हा प्रसंग येत नाही. उलट तापमान किंवा मातीचा ओलावा दाखविणारे, चढउतार होणारे व्होल्ट मोजायचे असतील, तर उनोला तशा सहा वाटा आहेत, आणि रास्पबेरी पायच्या चाळीस पिनांत तशी एकही नाही. हे किमतीच्या पाटीवर कोठेही लिहिलेले नसते.

विजेच्या पुरवठ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण माझ्याकडे ‘बिघडले’ म्हणून आलेल्या बोर्डांपैकी निम्म्याहून अधिक बोर्ड निरोगी होते. एका विद्यार्थिनीचा बोर्ड कॅमेरा चालू केला की बंद पडून पुन्हा सुरू होई. तिने कार्ड बदलले, कार्यप्रणाली तीनदा नव्याने चढवली. मी बोर्डावरचा लाल दिवा पाहिला. तो स्थिर नव्हता, कॅमेरा चालू होताच क्षणभर विझत होता. मल्टिमीटरची टोके बोर्डाच्या पिनांवर टेकविली, तेव्हा ४.९ चे ४.५ झालेले स्पष्ट दिसले. रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो दिवा मालवून तक्रार नोंदवतो. दोष मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या बारीक, लांब वायरीचा होता. जाड आणि आखूड वायर लावताच तक्रार निकालात निघाली. २०२३ साली आलेला पाचव्या पिढीचा पाय तर पाच व्होल्टवर पाच अँपिअरचा पुरवठा अपेक्षितो, आणि तो न मिळाल्यास यूएसबीला जोडलेल्या साधनांची तैनात कमी करतो. म्हणून बोर्डाची किंमत विचारताना योग्य चार्जर, चांगले कार्ड, हीटसिंक आणि पेटी यांचीही किंमत त्याच कागदावर मांडावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी काय, बोर्डासाठी ठरवून नेलेल्या रकमेत ही मंडळी बसत नाहीत असाच अनुभव येतो.

आणि बॅटरीवर चालवायचे असेल तर जमाखर्च आणखी कठोर होतो. चौथ्या पिढीचा पाय काहीही न करता नुसता जागा राहिला तरी तीन वॉटच्या आसपास वीज खातो. चोवीस तासांचे बहात्तर वॉट-तास झाले. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री चौऱ्याऐंशी वॉट-तास देते, आणि व्होल्ट उतरवताना होणारी गळती धरली तर ती दुसऱ्या दिवशीची सकाळ कशीबशी पाहते. ईएसपी-३२ ची चिप गाढ झोपेत दहा मायक्रोअँपिअरच्या घरात वीज घेते. दर दहा मिनिटांनी उठून पावसाची नोंद कळवून पुन्हा झोपणारा असा पाटकरी त्याच बॅटरीवर महिनोन्‌महिने तग धरतो, मात्र बोर्डावरचा सतत जळणारा दिवा आणि स्वस्त रेग्युलेटर त्या बचतीवर डल्ला मारीत नाहीत ना, हे पाहावे लागते.

याचा अर्थ कचेरी नकोच असा कोणी घेऊ नये. माझ्या एका स्नेह्यांकडे नाट्यसंगीताच्या तीनशेहून अधिक कॅसेट होत्या. त्या संगणकात उतरवून, नाव-राग-गायक यांनुसार लावून, घरातल्या कोणत्याही फोनवरून ऐकता याव्यात, अशी त्यांची तजवीज करायची होती. हे काम दप्तराचेच आहे, आणि तेथे पाटकरी निरुपयोगी. त्यांनी नवा, पाचव्या पिढीचा बोर्ड पसंत केला होता. मी त्यांना चौथ्या पिढीचा घ्यायला सांगितले, कारण पाचव्यावर हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची खाच काढून टाकलेली आहे, आणि त्यांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला तीच वाट हवी होती. कॅसेटचा आवाज आत घेण्यासाठी मात्र यूएसबीचे साउंडकार्ड स्वतंत्र घ्यावेच लागले. आवाज आत घेण्याची वाट यांतल्या एकाही पायवर नाही.

कचेऱ्यांमध्ये आपसांत निवड करताना गिगाहर्ट्झ आणि गिगाबाइट यांचे तक्ते मांडण्याची प्रथा आहे. मी त्या तक्त्यांना दुय्यम स्थान देतो. पहिले स्थान, हा बोर्ड पाच वर्षांनी कोण सांभाळणार आहे, या प्रश्नाला आहे. शेन्झेन येथून येणारे कित्येक बोर्ड त्याच किमतीत अधिक वेग आणि अधिक स्मृती देतात, आणि त्यांची बांधणीही हीन नसते. पण त्यांच्यासोबत येणारी कार्यप्रणाली एकदाच शिवलेल्या अंगरख्यासारखी असते, ती पुढे कोणी उसवून वाढवीत नाही. आर्मबियनसारखे स्वयंसेवकांचे प्रकल्प अशा पुष्कळ बोर्डांना दत्तक घेतात, आणि त्या लोकांविषयी मला नितांत आदर आहे. बोर्ड घेण्याआधी तो त्यांच्या यादीत आहे की नाही हे पाहावे. एनव्हिडियाचा जेटसन नॅनो २०१९ साली ९९ डॉलरला आला, तेव्हा चित्र ओळखण्याच्या प्रयोगांना त्याने मोठीच चालना दिली. पण त्याची अधिकृत प्रणाली उबुंटूच्या २०१८ सालच्या आवृत्तीवरच थांबली, आणि पुढे नवी साधने त्याच्यावर चढविणे दुष्कर झाले. याउलट २०१२ सालच्या पहिल्या रास्पबेरी पायवर २०२३ सालची अधिकृत प्रणालीही, संथपणे का होईना, चालते. हा गुण कोणत्याही तक्त्यात छापता येत नाही. तरीही त्या कंपनीचाही आंधळा भरवसा धरू नये : २०२१ ते २०२३ या चिपांच्या दुष्काळात तिचे बोर्ड ठरल्या भावाने मिळेनासे झाले, आणि ज्यांनी आपले काम एकाच बोर्डाच्या पिनांना जखडून ठेवले होते, ते अडून बसले.

बीगलबोन ब्लॅकला मी एक परिच्छेद मुद्दाम देतो, कारण आपल्याकडे त्याची उपेक्षा झाली आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये ४५ डॉलरला आलेल्या या बोर्डात लिनक्सची कचेरी तर आहेच, पण तिच्याच आवारात, तिच्या हुकुमापासून स्वतंत्र, असे दोन पाटकरी नेमलेले आहेत. २०० मेगाहर्ट्झने चालणारे ते दोन लहान गाभे दर पाच नॅनोसेकंदांना एक आज्ञा, न चुकता, पाळतात. त्याचे दप्तर सुट्या कार्डाऐवजी बोर्डावरच पक्के बसवलेले आहे, आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले आहेत. आज त्याचा प्रोसेसर मंद वाटेल. पण छापखान्यातले यंत्र किंवा लाकूड कोरणारे यंत्र चालविताना, जेथे हिशेबही हवा आणि ठोकाही हवा, तेथे त्याची रचना मला अजूनही सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. इतरांना हाच परिणाम साधण्यासाठी एक पाय आणि एक पिको अशी जोडी वायरीने बांधावी लागते; चार डॉलरच्या पिकोमुळे ती जोडी स्वस्तात जमते, हेही खरे.

त्या तरुणाचे पुढे काय झाले ते सांगून ही प्रस्तावना संपवितो. आम्ही दोन रविवार बसलो. पहिल्या रविवारी बोर्डाला हातही लावला नाही. मोटर काय काय करते एवढेच त्याला बोलायला लावले. बोलता बोलता त्यानेच सांगितले की, लाईट आल्याबरोबर शिवारातल्या साऱ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळते, म्हणून आपली थोडी थांबून सुरू व्हावी. आणि तिन्ही फेज आल्याखेरीज सुरू झाली तर जळते. दुसऱ्या रविवारी उनोच्या जातीचा एक बोर्ड, एक रिले आणि पाण्याच्या दोन पातळ्यांचे फ्लोट यांवर ते सारे उतरले. चारशे व्होल्टच्या बाजूची जोडणी मात्र गावच्या परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायची, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले. त्याचा मोठा बोर्ड त्याने परत केला नाही. तो घरी दूरदर्शन संचाला जोडला आहे. पहिल्या रविवारी बियाण्यांच्या दुकानाच्या पावतीमागे त्याने आपल्या हाताने लिहिलेल्या ओळी त्याच्या अनुमतीने पुढील पानावर जशाच्या तशा छापल्या आहेत, आणि पहिले प्रकरण तेथून सुरू होते : “लाईट आली. सात मिनिटे थांब. तिन्ही फेज बघ. पाणी बघ. चालू कर. पाणी खाली गेले, बंद कर. पाणी भरेपर्यंत थांब. लाईट गेली, काही करू नको.”